रुमालाखालचा आकडा

फोन आला तेव्हा मी मुदखेड स्टेशनवर उभा होतो. गाडी चाळीस मिनिटे उशिरा होती, आणि निघालो होतो तो उदगीरला, अप्पामामांकडेच. त्यांचा मुलगा बसवराज एवढेच बोलला, "दादा, अप्पा गेले, लिंगैक्य झाले. चहा पिऊन बाजाराला निघाले होते..." त्यांच्या एका पायात चप्पल होती, दुसरी उंबऱ्याशी राहिली. वय एक्याऐंशी. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. मी गणिताचा शिक्षक. अंदाजे लिहायची सवय नाही, म्हणून जे नक्की ठाऊक आहे तेवढेच लिहितो.

अप्पामामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. उदगीरच्या भुसार बाजारात बावन्न वर्षे त्यांनी तुरीची दलाली केली. आता बोली मोठ्याने पुकारतात, पण मामांच्या उमेदीत सौदा रुमालाखाली होई. देणारा आणि घेणारा हात मिळवत, वर रुमाल टाकत आणि बोटे दाबून भाव ठरवत. तोंडाने मात्र पाऊसपाण्याच्या गप्पा चालू! नियम एकच होता : रुमालाखालचा आकडा बाहेर सांगायचा नाही. मामांच्या खांद्यावरचा तो पांढरा, लाल काठाचा रुमाल मी कधी खाली उतरलेला पाहिला नाही.

दुष्काळ होता त्या साली मामांचा फोन आला. लातूरला पाणी रेल्वेने येत होते आणि आमच्याकडची तूर दोन हंगाम जळाली होती. "मास्तर, सुटी काढ अन् ये. बर्माचे पाहुणे येऊन राहिलेत. मिलवाल्यांना इंग्रजी येत न्हाई, अन् मला तर हिंदीबी उदगीरचीच येते!" मी अक्षरशः उड्या मारत गेलो. ब्रह्मदेशाच्या तुरीला आमच्या बाजारात 'लेमन' म्हणतात. इतकी वर्षे पोत्यावर पाहिलेला देश आता माणसांच्या रूपाने दारात येणार होता.

डाळमिलच्या अंगणात मांडव घातला होता. समोरच्या भिंतीवर 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे' असे ताजे रंगवलेले. पाहुणे पाच आले. पुढे त्यांच्या व्यापार खात्याचे एक अधिकारी, आणि सगळ्यांत मागे लुंगी नेसलेला एक शेतकरी, ऊ मियो. अधिकाऱ्यांनी भिंतीकडे बोट दाखवून काय लिहिले आहे म्हणून विचारले. मी सांगितले. मामा लगेच म्हणाले, "सांग त्यास्नी, आम्ही मुंबईफुडं हात जोडून हाव, तुम्ही दिल्लीफुडं. ल्हान्या घरचे सगळे सोयरेच!" मी इंग्रजीत केले, त्यांनी त्यांच्या भाषेत, आणि हसू तीन हप्त्यांत मांडवभर पसरले.

मग अधिकारी मुद्द्यावर आले. आमच्या देशात तूर फारशी कोणी खात नाही, म्हणाले. आम्ही पिकवतो ती तुमच्यासाठीच. यंदा दुष्काळ म्हणून मागता. पुढच्या साली पाऊस पडला तर घ्याल का? आमच्या बाजूने आलेल्या सरकारी साहेबांनी "सकारात्मक विचार करू" असे उत्तर दिले. मिलवाले मात्र एका सुरात ओरडले, "पेरा, पेरा! जितकी पेराल तितकी घेऊ!"

आणि इथे माझी चूक झाली. मिलवाल्यांनी सांगितले म्हणून मी फळ्यावर तक्ता लिहिला होता : आम्हाला बाहेरून किती तूर लागते. एकही आकडा खोटा नव्हता. पण सगळे त्या एका दुष्काळी सालाचे होते, आणि वर मी 'दरवर्षीची गरज' असे लिहिले. ऊ मियो तो तक्ता वहीत उतरवून घेत होता. त्याने माझ्याकडे पाहून अडखळत्या इंग्रजीत विचारले, "माझी पाच एकर आहे. सगळी पेरू?"

मी ते मामांना मराठीत सांगितले, आणि उत्तराला तोंड उघडण्याआधी मामाच उठले. "मास्तर, थांब. ह्यांना आपला जुना सौदा दाखवू. सांग, अख्खा हात म्हंजे पाच एकर, एक बोट म्हंजे एक." त्यांनी ऊ मियोचा हात हातात घेतला आणि वर रुमाल टाकला. मोबाइल बाहेर निघाले, फोटो सुरू झाले, लोकांना वाटले गंमत चालली आहे. मी मामांच्या शेजारी होतो. ते हसत नव्हते. ऊ मियोचे हसूही हळूहळू मावळले. त्याने एकदा रुमालाकडे पाहिले, एकदा फळ्याकडे... आणि वही मिटली.

एका मिलवाल्याने मामांना कोपऱ्यात गाठले. "अप्पा, काय सांगितलं त्याला? कमी पेरली तर आम्हाला माल महाग पडतो!"

"इतक्या सालांत कुनाला सांगितलं का? मंग तुला कशाला सांगू?"

मलाही सांगितले नाही. स्टेशनवर सोडायला आले तेव्हा एवढेच म्हणाले, "तुझं गणित बरोबर हाय रे. पन दुष्काळाच्या सालाची भूक मोजून कुनी पोराचं लगीन ठरवतं का?"

पुढच्या साली पाऊस लई झाला. आमच्याकडे तुरीच्या थप्प्या लागल्या, भाव कोसळले आणि दिल्लीने आयातीवर मर्यादा घातली. मामांनी दिल्लीला कधी दोष दिला नाही. "आपल्या शेतकऱ्याला भाव नको का? पन पाव्हण्याला जेवायला बोलवायचं अन् कडी लावायची, हे बरं न्हाई." ऊ मियोची खबर आली का, हे मात्र दर फोनला विचारायचे. खबर नव्हती. तो माझ्या फळ्यावर चालला की मामांच्या बोटांवर, हे मामांना शेवटपर्यंत कळले नाही.

मामा गेल्यावर बसवराजने त्यांच्या जुन्या डायरीत, सौद्यांच्या आकड्यांत नावाशिवाय लिहिलेला एक परदेशी नंबर शोधून काढला. मी त्यावर चार ओळी पाठवल्या. परवा दुपारी फोन वाजला. ऊ मियो! नंबर बदलला होता, जुना भावाकडे होता, तिथून निरोप फिरत फिरत पोचला. मोडक्या इंग्रजीत तो भराभरा बोलत सुटला. गावात सगळ्यांनी पूर्ण रान तुरीखाली घातले होते. ह्याने पाचांपैकी दोनच एकर. बाकी तिळाला आणि भुईमुगाला. तूर घरात पडून राहिली, पण कर्जात न जाता जमीन राहिली. "तुमच्या मामांनी माझी दोन बोटं धरली. तिसरं मी पुढं केलं, तर त्यांनी ते मिटवलं." मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, "काय झालं हो?" मी नुसती दोन बोटे दाखवली!

मग पलीकडून त्याने विचारले, "सर, ह्या वर्षी किती?"

मामांचा रुमाल बसवराजने मलाच दिला आहे. माझ्या टेबलाशेजारच्या खुंटीला असतो. मी कपाटातून तक्ते काढले. आता त्यांत दहा वर्षांचे आकडे आहेत, ओल्या आणि कोरड्या दोन्ही सालांचे. दोनदा तपासले. मग रुमाल डाव्या हातावर ओढला, त्याखाली बोटे मोजली आणि फोनवर आकडा सांगितला.

किती, ते इथे लिहीत नाही.