गोडनिंबावरचा कॅमेरा

आमच्या अंगणातल्या नळाची पितळी तोटी चोरीला गेली, तिथून हे सगळं सुरू झालं. सकाळी उठून पाहतो तर तोटीच्या जागी नुसता पाइप, अंगणभर चिखल आणि गच्चीवरची टाकी ठणठणीत कोरडी. मी चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. तेवढ्यात आई काठी टेकत पोर्चमध्ये आली, अंगण पाहिलं आणि म्हणाली, "तोटी नेली त नेली, पन जाताना पाइपात बोळा तरी कोंबून जायचा! इतकं पानी कोनी वाया घालवते का?" चोरीपेक्षा तिला चोराच्या निष्काळजीपणाचा राग जास्त आला होता.

मी मात्र चहा पिता पिताच जाहीर केलं की आता घराला बाहेरून कॅमेरा लागणार.

इथे माझा स्वभाव सांगायला हवा. मी वस्तू घेत नाही, वस्तूची चौकशी करतो. मिक्सर घ्यायला मला अडीच महिने लागले होते. तोवर बायको पाट्यावर वाटत होती आणि प्रत्येक वाटणाबरोबर मला चार शब्द ऐकवत होती. कॅमेऱ्यासाठी मी कोरी शंभर पानी वही काढली. वायरचा घ्यावा की बॅटरीचा, स्थिर असावा की मान फिरवणारा, चित्र आतल्या कार्डावर साठेल की कंपनीकडे जाईल, असे रकाने आखले. ऑफिसातल्या एकाच्या घरी त्याचा कॅमेरा पाहायला गेलो, तर त्यात त्याला चोवीस तास त्याच्याच जांभळाची फांदी दिसत होती. तेही वहीत लिहिलं.

बायकोनं एकदा वही चाळली. म्हणाली, "मला पाहायला आले तेव्हा तर चहा संपायच्या आधीच हो म्हणून बसले होते. तेव्हा कुठं गेली होती ही वही?"

मी म्हणालो, "तेव्हा बाजारात इतके प्रकार नव्हते." त्या दिवशी माझ्या वाट्याच्या वरणात मीठ नव्हतं.

आता गोडनिंबाबद्दल. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला आमचं गोडनिंबाचं झाड आहे. पुण्याकडचे लोक त्याला कढीपत्ता म्हणतात. आईनं माहेराहून, म्हणजे भिवापूरहून, मिरच्यांच्या पोत्याबरोबर बोटभर रोप आणलं होतं. आज त्याच्या फांद्या कंपाउंडबाहेर गेल्या आहेत. आमच्या गल्लीत कोणी गोडनिंब विकत घेत नाही. ज्याच्या घरी फोडणी असेल तो आमचं फाटक ढकलून आत येतो. विचारायची पद्धत नाही. कोणी विचारलंच तर आई म्हणते, "झाडाले विचार, मले काहून विचारतं?" पण एक नियम आहे. तोडणाऱ्यानं जाण्याआधी पोर्चमध्ये आईच्या शेजारच्या खुर्चीवर टेकायचं. दोन काड्यांना पंधरा मिनिटं, असा साधारण दर. आणि दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही, कारण झाड तेव्हा झोपतं.

गुडघे गेल्यापासून आई फाटकाबाहेर पडत नाही. आम्ही दोघं साडेनऊला घर सोडतो ते सहाला परततो. मधला सगळा दिवस आई पोर्चमधल्या खुर्चीत असते. तिचा दिवस त्या झाडावर चालायचा. रात्री जेवताना ती आम्हाला गल्लीचं वर्तमानपत्र वाचून दाखवायची. कोणाच्या मुलीला अमरावतीचं स्थळ आलं, कोणाच्या कुलरचा पंप जळला, कोणाची सून माहेरी गेली ती का गेली, अगदी पुरवणीसकट. हे सगळं मला माहीत होतं. पण वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

धरमपेठेतल्या दुकानात मी लागोपाठ तीन शनिवार गेलो. तिसऱ्या शनिवारी दुकानदारानं मला लांबून पाहूनच स्टूल पुढे सरकवलं. मी डबा उलटसुलट करून विचारलं, "यावर पन्नास डिग्रीपर्यंत चालतो असं लिहिलंय. आपल्याकडे मे महिन्यात पश्चिमेची भिंत पन्नासच्या वर जाते. मग काय?"

"मग काय साहेब," तो म्हणाला, "कॅमेऱ्याच्या आधी आपणच जाऊ."

शेवटी मी घेतला तो त्याच्याकडचा सगळ्यात हुशार कॅमेरा. मांजर आलं तर तो गप्प बसायचा, माणूस आला की ओळखायचा. माणूस दिसला की पांढराशुभ्र दिवा लागायचा, माझ्या फोनवर सूचना यायची आणि कॅमेऱ्यातून एक बाई खणखणीत हिंदीत बोलायची, "सावधान! आप कैमरे की निगरानी में हैं!" दुकानात ती बोलली तेव्हा मी स्वतःच दोन पावलं मागे सरलो. तिथेच ठरवलं, हाच घ्यायचा. घरी बायकोला पटवताना मी आईचंही नाव पुढे केलं. आई दिवसभर एकटी असते, तिच्याकडे आपलं लक्ष राहील.

"लक्ष ठेवायला गल्ली आहे ना," बायको म्हणाली. पण तोवर पावती फाटली होती.

इलेक्ट्रिशियननं कॅमेरा पोर्चच्या खांबावर लावला. फाटक, नळ आणि गोडनिंब तिन्ही चित्रात येत होते. मी अभिमानानं फोन आईसमोर धरला. ती पोर्चच्या पायरीपाशी उभी होती, म्हणून फोनमध्येही तीच होती.

"हे माह्याकडं काहून पाहून राहिलं गा?"

"तुझ्याकडे नाही आई, चोराकडे पाहतो तो."

"चोर त दिसून नाही राहिला. मीच दिसून राहिली," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्याच दिवशी अकराच्या सुमारास पहिली सूचना आली. ऑफिसात मी फोन उघडला. आमच्या समोरच राहणाऱ्या वहिनी फाटक ढकलून आत आल्या होत्या. हाताला बेसन होतं, घरी कढी उकळत असावी. त्यांनी फांदीला हात लावला मात्र, झगझगीत दिवा लागला आणि ती बाई ओरडली, "सावधान!" वहिनींनी विस्तवाला हात लागल्यासारखी फांदी सोडली. वर पाहिलं, पोर्चकडे पाहिलं आणि "येते आजी मी मागून" म्हणत निघून गेल्या. मी ते चित्र ऑफिसात चौघांना दाखवलं. आम्ही खूप हसलो. आज ते लिहितानाही मला बरं वाटत नाही.

मग फोन शांत झाला. सकाळी दूधवाला, सहाला आम्ही, एवढंच. कॅमेऱ्याचा वचक बसला म्हणून मी खूश होतो. खरं तर पितळी तोटीच्या जागी मी आता प्लॅस्टिकची बसवली होती आणि ती कोणी फुकट दिली तरी नेली नसती, पण श्रेय मी कॅमेऱ्याला देऊन टाकलं. एका संध्याकाळी बायको म्हणाली, "समोरच्या वहिनी भाजीवाल्याकडून गोडनिंब घेऊन राहिल्या होत्या. मला पाहून पिशवीत लपवला."

"मग? घेऊ दे की."

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पोळ्या लाटायला गेली.

जेवताना मी आईला विचारायचो, "काय मग, आजची बातमी?" ती म्हणायची, "काही नाही बावा." एके दिवशी तिनं आम्हाला त्या अमरावतीच्या स्थळाची बातमी सांगितली, जी तिनं तीन आठवड्यांपूर्वीच सांगितली होती. स्थळाचं पुढे काय झालं हे तिला माहीत नव्हतं. बायको लगेच म्हणाली, "हो का?" मीही म्हणालो, "हो का?" तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. शंभर पानी वही भरणाऱ्याची बुद्धी ती एवढीच.

दोन-चार दिवसांनी दुपारी डबा खाऊन हात धूत होतो तेव्हा फोन वाजला. माणूस दिसला. उघडून पाहतो तर अंगणात आई. एका हातात काठी, दुसऱ्या हातात गोडनिंबाच्या काड्यांची जुडी. ती एकेक पाऊल टाकत फाटकापर्यंत चालली होती. डॉक्टरांनी तिला पायऱ्या उतरू नका म्हणून बजावलं होतं आणि ती दोन पायऱ्या उतरून आली होती. समोरच्या वहिनी रस्त्यानं जात होत्या. कॅमेऱ्यात आवाजही येत होता.

"अवं, घेऊन जा वं थोडा," आई म्हणाली. "नुसता वाढून राहिला. कोनी तोडत नाही त पानं पिवळी पडून राहिली."

"राहू द्या आजी, घरी आहे."

"असू दे ना. उद्याले होईन."

वहिनी थांबल्या, पण रस्त्याच्या पलीकडेच. वर खांबाकडे पाहून म्हणाल्या, "नको आजी. तुमच्या घरी आता ते लावलंय ना." आणि त्या गेल्या. आई जुडी फाटकाच्या दांड्यावरून बाहेर धरून तशीच उभी राहिली. एवढ्यात पुन्हा दिवा लागला आणि बाई ओरडली, "सावधान! आप कैमरे की निगरानी में हैं!"

आई वळली. तिनं मान वर केली आणि सरळ कॅमेऱ्यात, म्हणजे माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"अरे बावा, मीच होय," ती म्हणाली. "चोरून नाही राहिली. देऊन राहिली."

मला लाज वाटली. ऑफिसच्या बेसिनपाशी, ओल्या हातात फोन धरून, मला माझ्याच आईपुढे तोंड लपवावंसं वाटलं. तिच्याकडे लक्ष ठेवायला मी जे आणलं होतं, त्यानंच तिच्याकडची माणसं हाकलली होती, आणि मी ते चौघांना दाखवून हसलो होतो.

साहेबांना पोट दुखतं सांगून मी चारलाच निघालो. घरी जायच्या आधी समोरच्या घराची कडी वाजवली. वहिनींनी दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत.

"वहिनी, तो कॅमेरा तोटीचोरासाठी आहे हो."

"असन भाऊ. पन दोन काड्यांसाठी आपलं तोंड तुमच्या फोनमधी काहून चढवून घ्यायचं?"

"बरोबर आहे. पण निदान आईशी बोलायला तरी..."

"हात हलवत कसं यायचं?" त्या म्हणाल्या. "गोडनिंबाच्या निमित्तानं बसणं होते. बिनकामाचं रोज जाऊन बसलं त लोक म्हनतीन, हिले घरी काम नाही का? नाही त गोडनिंब का बाजारात मिळत नाही?"

हे मला वहीच्या कुठल्याही पानावर सापडलं नसतं.

त्या रात्री जेवताना मी म्हणालो, उद्या कॅमेरा काढून टाकतो. बायको म्हणाली, आत्ता काढा, स्टूल मी धरते. पण आईच आडवी आली. "इतके दिवस विचार करून आणला ना? राहू दे. फक्त त्या बाईले दोन शब्द नीट बोलणं शिकव. घरी आलेल्या माणसाले असं कोनी बोलते का?"

मग मी माहितीपुस्तक काढलं. ते मी तीनदा वाचलं होतं, पण चोराच्या नजरेनं. त्यात होतं की त्या बाईच्या जागी आपण आपला आवाज भरू शकतो, दहा सेकंदांचा. मी फोन आईच्या तोंडासमोर धरला. पहिल्या खेपेचे दहा सेकंद "आता बोलू का? सुरू झालं का गा?" यातच गेले. दुसऱ्या खेपेला ती फोनलाच विचारू लागली, जेवला का? तिसऱ्या खेपेला बायकोनं तिला सांगितलं, "आई, फोनकडे पाहू नका. समोरच्या वहिनी आल्या असं समजा." आईनं पदर सारखा केला, रिकाम्या भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "कोन आहे वं? ये ना. तोड, किती पाहिजे ते. आन् बस मग दोन घडी."

दिवा मी बंद करून टाकला. सकाळी ऑफिसला जाताना वहिनींच्या फाटकाशी थांबून म्हणालो, "आज आमच्या कॅमेऱ्याचं ऐकून तर पाहा." अकरा वाजता सूचना आली. मी फोन उघडला नाही. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी फाटकाबाहेर जाणारं माणूस दिसलं, अशी दुसरी सूचना आली. तीही उघडली नाही. रात्री वर्तमानपत्र निघालं. अमरावतीचं स्थळ मोडलं होतं आणि यवतमाळचं ठरत आलं होतं.

पंधरा दिवसांनी बायको माहेरी गेली असताना मी एकटाच सहाला घरी आलो. फाटक उघडलं. खांबावरून आईचा आवाज आला, "कोन आहे वं? ये ना." मी रोजच्यासारखा बॅग घेऊन आत निघालो होतो. मागून आवाज चालूच होता, "आन् बस मग दोन घडी." आई पोर्चमध्ये होती, शेजारची खुर्ची रिकामी होती. मला आठवेना की त्या खुर्चीवर मी शेवटचा कधी बसलो होतो. गल्लीतला प्रत्येक माणूस तिथे बसून गेला होता. मी तिच्या पुढून रोज दोनदा जात होतो, "जेवली का?" एवढं विचारून.

मी बॅग खाली ठेवली आणि बसलो.

आईनं माझ्याकडे निरखून पाहिलं. ऑफिसात काही झालं का, बरं नाही का, सगळं तिच्या चेहऱ्यावर येऊन गेलं. मग म्हणाली, "काहून गा? तुले पन गोडनिंब पाहिजे का?"

दिवेलागणीला अजून वेळ होता.

"हो," मी म्हणालो. "दोन काड्या."