शीट भरेपर्यंत

भिगवण स्टेशनाच्या बाहेर कडुलिंबाखाली वडापच्या खासगी जीपा उभ्या राहायच्या. नव्वदनंतरची ती वर्षं. आमच्या गावाकडं, बारामती रस्त्याला, संध्याकाळची एसटी आली तर आली. मग सगळी भिस्त वडापवर. आणि वडापचा कायदा एकच, शीट भरल्याशिवाय गाडी हलायची नाही. तुमच्या घरी पाहुणे आलेले असोत की म्हैस व्यायला झालेली असो, ड्रायव्हर आपला बॉनेटला टेकून तंबाखू मळत उभा.

मी तेव्हा दौंडला नर्सिंग शिकत होते. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, संध्याकाळच्या पॅसेंजरनं यायचं. आमच्या घरातनं रेल्वेनं शिकायला जाणारी मी पहिलीच. वडील लहानपणीच गेलेले, त्यामुळं घर थोरल्या चुलत्यांच्या शब्दावर चालायचं. त्यांना सगळे तात्या म्हणायचे. त्यांनी जाऊ दिलं, पण दिवे लागायच्या आत घरात, ही अट घालून.

एकदा उशीर झाला. दारातच तात्या उभे. मी म्हटलं, "शीट भरत नव्हतं, तात्या."

"बहाणं नगंत मला. दिवं लागल्यावर पुन्यांदा आलीस, तर दौंड बंद."

असा संताप आला मला! गाडी काय माझ्या तीर्थरूपांची होती? रात्रभर उशीत तोंड खुपसून रडले आणि सकाळी ठरवलं, रडून काही जीप भरत नाही. शिक्षण सोडायचं नाही म्हणजे नाही. मग भरायचं कसं, ते आपणच बघू.

त्या संध्याकाळी पॅसेंजरमधनं उतरले ती तडक कडुलिंबाखाली जाऊन उभी राहिले आणि ओरडले, "चला, बारामती रोड! बारामती रोड!" पहिली हाक घशातच अडकली. दुसरी जरा बाहेर आली. तिसरीला एक म्हातारं जोडपं वळून आमच्या जीपकडं आलं आणि मला असा जोर चढला की काय सांगू! स्टेशनाच्या दारात माशांची पाटी घेऊन बसणाऱ्या मावशी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "अगं बया, पोरगी कंडक्टर झाली की!"

"व्हते की. पगार तुमी द्या," मी म्हटलं.

ड्रायव्हरला तर आयतंच मिळालं. तो सावलीत बसून मजा बघायचा. मी मात्र रोज ओरडायचे आणि रोज दिवे लागायच्या आत घरात असायचे. आमच्याकडं बाईमाणसानं चारचौघांत आवाज चढवायचा नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण गप्प उभं राहून दौंड सुटणार असेल, तर तसली लाज घेऊन करू काय?

व्हायचं तेच झालं. कुणीतरी गावात जाऊन तात्यांना सांगितलं की तुमची पुतणी स्टँडवर वरडती. एका संध्याकाळी मी स्टेशनातनं बाहेर आले, तर कडुलिंबाखाली तात्या. खांद्यावर घोंगडं, कपाळाला आठ्या. पॅसेंजर आधीच रखडत आली होती, ऊन पार उतरलं होतं. गप्प बसले तर उशीर, ओरडले तर तात्या. दोन्हीकडनं दौंड बंदच. मग म्हटलं, बंद व्हायचंय तर ओरडून होऊ दे.

"चला, बारामती रोड!" मी त्यांच्यादेखत ओरडले. माणसं येत गेली. शेवटी मीच म्हटलं, "तात्या, बसा. दोन शिटं कमी हायेत."

ते बसले.

"अजून एक," ड्रायव्हर म्हणाला आणि निवांत तंबाखूची डबी काढली.

"माणसं खोळंबल्यात की. चल आता," तात्या म्हणाले.

"शीट भरल्याबिगार न्हाय, तात्या."

मी ओरडत राहिले. घसा बसला. अंधारायला लागलं. तात्या एकदा आभाळाकडं बघायचे, एकदा माझ्याकडं. मग घोंगडं सीटवर टाकून खाली उतरले आणि माझ्याजवळ आले. आता हाताला धरून नेतात की काय, असं मला वाटलं.

"असं न्हवं," ते म्हणाले. "गळ्यातनं वरडतीस तू. बेंबीच्या देठापास्नं आवाज काढ."

तरुणपणी तात्या मेंढरांमागं कोकणापर्यंत जाऊन आलेले. त्यांनी तोंडाला हात लावला आणि माळावर मेंढरं वळवायची ती लांबलचक हाक दिली, शेवटी 'बारामती रोड' जोडून. सगळा स्टँड वळून बघायला लागला. कडुलिंबावरचे कावळे उडाले. माशांची रिकामी पाटी डोक्यावर घेऊन मावशी हसत हसत पळत आल्या. "थांबा, मला वाटंत उतरायचंय! पर मेंढरांत बसवू नगा मला!"

गाडी भरली.

घरी पोचलो तेव्हा गावातले दिवे कधीच लागले होते. आई दारात उभी होती, चेहरा पांढराफटक. तिनं माझ्याकडं बघितलं, मग तात्यांकडं. मी मान खाली घातली.

तात्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, घोंगडं खुंटीला अडकवलं आणि आईकडं न बघताच म्हणाले, "शीट भरत न्हवतं."