हद्दीच्या दगडापाशी अण्णा

जर्मनीतल्या आखन शहरातल्या माझ्या ऑफिसात मी एक गोष्ट इतक्यांदा सांगितली होती, की तिच्यावर चांगलंच पॉलिश चढलं होतं. माझा पणजोबा दरोडेखोर. इंग्रजांच्या मुलखात धाड घालायची आणि हद्द ओलांडून मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, पसार व्हायचं. जर्मन सहकाऱ्यांना काउबॉयच्या गोष्टींचं भारी वेड. कॉफी थंड होईपर्यंत ऐकायचे. आमची अख्खी जात इंग्रजांनी जन्मतःच गुन्हेगार ठरवली होती, हेही मी सांगायचो, पण तोंडी लावण्यापुरतं.

मे महिन्यात माझे वडील, अण्णा, गावाहून आले. एका रविवारी लेकीचा बासरीचा कार्यक्रम होता, हद्दीपलीकडच्या नेदरलँड्सच्या गावात. आयुष्यातला पहिला. बायको तिला घेऊन पुढे गेली होती. आम्ही दोघं मागून चालत निघालो. वाटेत हद्दीचा दगड लागतो. तो कसला आहे हे मीच हौसेनं सांगितलं आणि पायावर धोंडा मारून घेतला. अण्णा शेजारच्या बाकावर बसले.

"सांगितलंस का कुणाला?"

"काय सांगायचं?"

"हद्द वलांडतुया म्हणून."

पासपोर्ट आहे, व्हिसा आहे, इथे कुणी अडवत नाही, मी सगळं सांगून पाहिलं.

"त्येच तर. बघायलाच कुणी न्हाई. उद्या कुणी इचारलं, हा म्हातारा कवा गेला, कवा आला, तर कोण सांगंल?"

कार्यक्रम तीनला होता, पावणेतीन झाले होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सायकलवाले गप्पा मारत सर्रकन पलीकडे जात होते आणि दरोडेखोराचा नातू बाकावरून हलायला तयार नव्हता. मी चारचौघांत ओरडलो, "अण्णा, तुमचा आजा दरोडे घालून हद्द ओलांडायचा! आणि तुम्ही?"

"दरोडं कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच. लहानपणी."

"मी फरारी म्हनलो हुतो. दरोडं तू घातलंस."

मग खाली बघतच त्यांनी सांगितलं. आजा लेकीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायला मोगलाईत गेला होता. आमच्या जातीला गाव सोडायलाही परवाना लागायचा; पोलीस पाटलानं दोन दिवसांचा दिलेला. लेक तिथंच अडली. तिला तशी टाकून त्याला निघवेना. पाचव्या दिवशी तो आपल्या पायांनी परत आला, तोवर चावडीवरची रोजची हजेरी चुकली होती आणि वहीत नावापुढं 'फरारी' पडलं होतं. तीन वर्षं तुरुंग.

मला माझीच लाज वाटली. त्या माणसाला मी इतकी वर्षं कॉफीबरोबर विकत होतो. आणि तरीही अण्णांवरचा माझा राग गेला नव्हता, खोटं कशाला बोलू?

फोन वाजला. बायको म्हणाली, "कुठे आहात? दोघांनंतर तिचा नंबर आहे. सारखी दाराकडे बघतेय."

मी पिशवीतून वही काढली, पान फाडलं. 'माझे वडील नातीची बासरी ऐकण्यासाठी पलीकडे जात आहेत.' खाली तारीख टाकली, सही केली. स्वतःच्या बापाला मी परवाना लिहून दिला होता.

अण्णांनी कागद लांब धरून सावकाश वाचला आणि माझ्याकडे परत दिला.

"माघारी कवा यायचं, त्ये लिही."

मी 'संध्याकाळी पाच' लिहिलं. मग ते खोडून सात केलं.