अकोल्याचं गरीब कुटुंब

ज्या साली कापसाला सोन्याचा भाव आला, त्या साली आमच्या घरातली शहाणी माणसं कुटारावर झोपत होती. कुटार म्हणजे तुरीचा भुसा, गुरांना घालतात तो. साता समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई लागली होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, म्हणून आमच्या वऱ्हाडातल्या कापसावर उड्या पडत होत्या. शेतातला कापूस विकून झाला तशी सासूबाईंची नजर गाद्यांकडे वळली. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्यांनी सगळ्या गाद्या-उशा उसवल्या, कापूस अमरावतीच्या बाजारात धाडला आणि खोळींत कुटार भरलं. वर धुतलेली चादर घातली की कोणाच्या बापाला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. कळलं ते म्हशीला. एका दुपारी दावं तोडून ती घरात शिरली आणि मामंजींची उशी खाऊन गेली.

मी तेव्हा तिवशाकडून आलेली नवी सून होते आणि मला सहावा महिना होता. कुटार रात्रभर पाठीला टोचे, पण बोलायची सोय नव्हती. माझं गाऱ्हाणं ऐकणारी गल्लीत एकच बाई होती, पिंजाऱ्याची बायको, चाची. गल्लीच्या टोकाला तिची झोपडी होती. ती मला पदराखालून चिंचा आणून देई आणि आत्याबाईंची नक्कल करून हसवी. तिचा नवरा, चाचा, लोकांच्या गाद्यांचा जुना कापूस पिंजून द्यायचा. पण त्या वर्षी त्याच्याकडे कोणी गादी आणेना. कशी आणणार?

त्यात चैत्रात चुलीची ठिणगी उडाली आणि चाचाची झोपडी जळाली. आत त्याचं पिंजणही होतं, ते धनुष्यासारखं लांब हत्यार, ज्याच्या ताणलेल्या दोरीवर ठोके देत कापूस मोकळा करतात. तेही गेलं. नवराबायको, दोन मुली, एक देगची आणि उन्हात घातलेली एक उशी, एवढंच राहिलं. आत्याबाईंनी टोपलीभर ज्वारी पाठवली. चाचाने टोपली ज्वारीसकट परत केली, वर फडकंसुद्धा नीट घडी घालून. "जिंदगीत कोनाचं फुकट खाल्लं नाई," म्हणाला, "आता आठवडी बाजाराच्या दिवशी बुऱ्हानपूरले जातो. तिथं गाड्या भरीन."

मला त्या माणसाचा असा राग आला की सांगता सोय नाही. त्याचा स्वाभिमान त्याच्यापाशी, पण माझी चाची कोण परत आणणार होतं? मी चिडले की माझं डोकं चांगलं चालतं. हिवाळ्यात मामंजी बाजारातून आले की त्यांच्या घोंगडीला कापूस चिकटलेला असे. तो वेचता वेचता माझी बोटं दुखायची. मी आत्याबाईंना म्हटलं, एका घोंगडीला एवढा, तर गल्लीतल्या सगळ्या घोंगड्यांना किती? तो विकून चाचाला पिंजण आणता येईल. आत्याबाईंनी आयुष्यात माझं एकदाच ऐकलं, ते हे. मात्र ताकीद दिली, "खाली सांडलेलाच घ्यायचा. कोनाच्या ढिगाले घोंगडी लागली तं घरात घेनार नाई."

दुसऱ्या दिवशी रणरणत्या उन्हात आमच्या गल्लीतले नऊ प्रतिष्ठित गृहस्थ घोंगड्या पांघरून कापसाच्या बाजारात गेले. तिथे एका दलालाने मामंजींना विचारलं, "पाटील, चैतात घोंगडी? कावून?"

मामंजींना खोटं बोलायची सवय नव्हती. ते म्हणाले, "हिव भरून राहिलं."

"आन् याईले?"

"आमालेबी," बाकीचे आठ एका सुरात म्हणाले.

नऊ जणांना एकाच वेळी थंडीताप म्हटल्यावर दलालांनी धोतरं सावरली. घटकाभरात सबंध बाजारात बातमी झाली की कसलीशी साथ आली आहे. गाडीवाले गाड्या घेऊन पळाले, दलाल झाडाखाली जाऊन लांबून बघत बसले. मैदान रिकामं झालं आणि पायदळी गेलेला सगळा कापूस तेवढा राहिला. तेव्हा मामंजी, ज्यांच्यासमोर मी कधी मान वर केली नाही, ते घोंगडीसकट जमिनीवर आडवे झाले आणि लोळले. मागोमाग आठही लोळले. झाडाखालच्या दलालांना वाटलं, झटके आले.

परत आले तेव्हा ती माणसं नव्हती, मेंढरं होती. आम्ही बायकांनी दिवसभर वेचून अंगणात ढीग घातला. ढीग मोठा झाला, पण त्यात कापूस निम्मा. बाकी लोकर, काड्या, बैलांचे केस आणि ज्याचं नाव घेऊ नये ते. असला कापूस कोण घेणार? तो पिंजून साफ करायला हवा होता. पिंजणार कोण? गावात पिंजारी एकच, आणि त्याच्याकडे पिंजण नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप. आम्ही ढिगाभोवती बसून एकमेकींची तोंडं बघू लागलो. बाजाराचा दिवस चार दिवसांवर आला होता.

शेवटी आत्याबाई उठल्या आणि चाचाकडे गेल्या. मी मागे होते. त्या म्हणाल्या, "एका गरीब घरासाठी कापूस जमवला. तेवढा पिंजून द्या. मजुरी देतो."

"कोनतं घर?"

"अकोल्याचं," आत्याबाईंनी ठोकून दिलं. "घर जळालं बिचाऱ्याईचं."

चाचाचा चेहरा उतरला. "लेकरं किती?"

"पाच पोरी." आत्याबाईंना एकदा सूर सापडला की थांबत नसत. "नवरा लंगडा. सासू आंधळी. पन मोठे मानी, कोनाचं घेत नाईत."

मागे चाची उभी होती. तिने पदर तोंडात कोंबला आणि जळक्या भिंतीकडे वळली. तिला सगळं कळलं होतं. चाचाला काडीचंही कळलं नाही. त्याने बडनेऱ्याला जाऊन मेहुण्याचं पिंजण दोन दिवसांच्या बोलीवर आणलं आणि आमच्या अंगणात बसला. दोन दिवस त्याने मान वर केली नाही. कापूस असा निघाला की हात लावायला भीती वाटावी. आत्याबाई मजुरी द्यायला गेल्या तर हात मागे घेतला. "गरिबाच्या कामाचे पैसे घेऊ काय? त्या लंगड्याले माहा सलाम सांगा." मग चाचीची ती एकुलती उशी आणून त्याने त्या ढिगावर ठेवली. "याच्यातला कापूसबी घाला. पाच पोरी हायत."

मला रडू आलं आणि हसूही. त्या दिवसापासून मी चाचाला मनातल्या मनात शिव्या देणं बंद केलं.

उशी मी बाजूला काढून ठेवली. उरलेला कापूस विकून मामंजींनी नवं पिंजण आणलं, छपराला बांबू आणि गवत आणलं. बाजाराच्या सकाळी चाचाला न्यायला भाड्याची गाडी जुंपलेली होती. आत्याबाईंनी पिंजण पुढे केलं आणि सांगितलं की अकोल्याचं कुटुंब तुमचंच. चाचा लाल झाला. पिंजण खांद्यावर टाकून तडक आमच्या घरात शिरला. "मले फुकट नको. सगळ्याईच्या गाद्या काढा. आज पिंजून देतो, मंगच हे माहं."

आत्याबाई गादीवर जाऊन बसल्या. "आमच्या गाद्या चांगल्या हायत."

"उठा, बाई."

त्या उठेनात. चाचाने दुसऱ्या गादीची शिवण ओढली आणि भळाभळा कुटार बाहेर आलं. तो शेजारच्या घरात गेला. तिथेही कुटार. पलीकडे गेला, तिथेही. प्रत्येक घराला वाटत होतं, हा शहाणपणा आपणच केला. गल्लीभर बायका खाली बघत उभ्या होत्या आणि आमची म्हैस दाव्याला हिसके देत होती.

चाचा गल्लीच्या मधोमध मटकन बसला आणि पोट धरून हसला. "आमचं घर जळालं म्हून आमी जमिनीवर झोपतो. तुमचं काय जळालं?" मग गाडीवाल्याला म्हणाला, "बैलं सोड. याईच्या गाद्या भरल्याबिगर मी कोठी जात नाई."

पुढे लढाई संपली, भाव कोसळला, आणि त्याने खरंच सगळ्या गल्लीच्या गाद्या पिंजून भरल्या. पण ते फार नंतर. त्याआधी श्रावणात मला मुलगी झाली. चाचीने ती उशी उसवून तिच्यासाठी बोटभर जाडीची गादी शिवली. गल्लीत त्या वर्षी कापसावर झोपणारी ती एकटीच होती. बाकीचे आम्ही कुटारावर कूस बदलत होतो, म्हशीकडे एक डोळा ठेवून.