पाण्याचा दुसरा रेणू

“घाई कुणाला हाय?” असं म्हणून सरांनी चष्मा कपाळावर ढकलला, की समजायचं, आपलं आठवड्याचं काम बोंबललं. आता सगळं पहिल्यापासून.

कोल्हापुरात मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. पाणी एखाद्या रेणूला कसं फोडतं आणि उत्प्रेरक त्यात काय मदत करतो, हे आम्ही कॉम्प्युटरवर गणित मांडून बघायचो. ना बाटल्या, ना वास. मंगळवार पेठेतली माझी आत्या म्हणायची, “दिवसभर टीव्हीच बघतीस की!”

सरांना हे सांगितलं, तर खो खो हसले. म्हणाले, “आत्याला सांग, आमच्या राधानगरीत डोंगरापलीकडं जायचं तर घाट चढाय लागतोय. उत्प्रेरक गाडी ढकलत न्हाय, कमी चढाची वाट दावतोय. ती वाट आमी हुडकतोय.” आत्याला लगेच पटलं. खरं सांगू? मलाही त्याच दिवशी नीट कळलं.

सरांचा एक लेख आमच्या विषयात सगळेच वाचायचे. माझा अख्खा प्रबंध त्याच्यावर उभा. आणि माझं नशीब बघा, चूक सापडली ती त्याच लेखात! सरांनी गणितात पाण्याचा एकच रेणू धरला होता. मी शेजारी दुसरा ठेवला, तर तो पहिल्याला हात द्यायला लागला आणि चढ बराच कमी झाला. वाटच वेगळी निघाली.

चार दिवस मी गप्प बसले. सरांच्या निवृत्तीचा समारंभ तोंडावर आलेला, आणि मी कोण लागून गेले मोठी शहाणी? शेवटी छातीवर दगड ठेवून कागद पुढे सरकवले. त्यांनी तीनदा वाचले. चेहरा उतरला. “चुकलंच की माझं,” एवढंच म्हणाले आणि घरी गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

समारंभात पाहुण्यांनी नेमका तोच लेख डोक्यावर घेतला. सर उठले, माईक ओढला. “पावणं, त्यो लेख चुकलाय. ह्या माझ्या पोरीनं चूक धरली. दुरुस्ती पाठवलीया, पयलं नाव तिचं हाय.” मी मान खाली घालून रडत होते.

महिन्याभराने दुरुस्ती छापायला घेतल्याची मेल आली. वाचली आणि तशीच पळत सुटले, “सर, सर!” करत त्यांच्या खोलीचं दार ढकललं. आत एक नव्या मॅडम कपाटात पुस्तकं लावत होत्या.

“कोण पाहिजे?” त्यांनी विचारलं.

मी मागे सरून दारावरची पाटी वाचली. सरांचं नाव तिथे नव्हतं.