हिरव्या झाकणाचा कार्बोरेटर

अमरावतीहून निघालो तेव्हा सुधाकरच्या जुन्या पद्मिनी गाडीचं मागचं दार दोरीने बांधलेलं होतं आणि माझ्या मांडीवर जुन्या टॉवेलात गुंडाळलेला एक कार्बोरेटर होता. पेट्रोल आणि हवा एकत्र करून इंजिनाला पाजणारा हा भाग म्हणजे गाडीचं नाक-तोंड. माझ्याकडचा होता हेरल्ड या जुन्या गाडीचा, कारखान्यातून आला तसा, अस्सल. एका भंगारवाल्याच्या ढिगात सापडला तेव्हापासून मी त्याला देवघरातल्या मूर्तीसारखं जपत होतो. घरात त्यावरून जे बोललं जायचं ते इथे लिहीत नाही.

सुधाकर पद्मिनीवाला आणि मी हेरल्डवाला. आमची मैत्री कॉलेजपासूनची, भांडणही तेव्हापासूनचं. त्याच्या मते गाडी म्हणजे कुटुंबाला घेऊन जाणारी, गिअर स्टिअरिंगपाशी असलेली, शहाणी वस्तू. माझ्या मते गाडी आधी रेघ असते. मी पोरांना यंत्रांची ड्रॉइंग शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्यामुळे मला गाडीत पहिल्यांदा रेघच दिसते. हेरल्डच्या दिव्यांवरची ती भुवई, मागे उंचावलेले दोन कोपरे, पुढचा सगळा तोंडवळा एकसंध उचलून उघडणारं बॉनेट. याच सांगाड्यावर परदेशात दोन माणसांची स्पोर्ट्स कार उभी राहिली. आपल्याकडे मात्र तिला आणखी दोन दारं बसवली, पुढे दिवे बदलले, आणि होता होता तीही चार लोकांसारखी झाली. माझ्या घरची हेरल्ड चार दारांचीच आहे. दोन दारांची, मूळ रेषेतली, चालू स्थितीतली हेरल्ड मी कधी पाहिली नव्हती.

म्हणून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोनवर फोटो पाठवला तेव्हा मला रात्रभर झोप आली नाही. हिंगोली जिल्ह्यातलं शिरड शहापूर, तिथले निवृत्त मास्तर वाघमारे गुरुजी, त्यांच्या अंगणात दोन दारांची हेरल्ड. छत काढलेलं. खाली एकच ओळ होती, की गाडी चालू होते. त्या गाडीला भेट द्यायलाच मी माझा कार्बोरेटर सोबत घेतला.

वाशीम मागे पडलं आणि ऊन चढलं. पैनगंगा ओलांडेपर्यंत पद्मिनी बरी वागली. मग चढावर तिने दोन आचके दिले आणि बसली. उन्हाळ्यात तिचा पेट्रोल पंप तापतो आणि पेट्रोल पुढे सरकत नाही, हे तिचं जुनंच दुखणं. मी बोलण्याची ही संधी सोडली नाही. सुधाकर म्हणाला, "तुझी हेरल्ड घरी आहे म्हणून तू इथवर आलास." ते खरं होतं.

ढकलत, थांबत आम्ही कनेरगाव नाक्यावरच्या एका ढाब्यापर्यंत पोचलो. मालक बाहेर बाजेवर बसले होते. सत्तरीपुढचे, पांढरं धोतर, डोक्याला रुमाल. आम्ही काही सांगायच्या आत ते उठले, रांजणातलं पाणी घेतलं, एक फडकं भिजवलं, बॉनेट उघडलं आणि न चाचपडता ते फडकं बरोबर पंपावर ठेवलं. मग गाडीच्या छतावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले.

त्यांचं नाव दत्तराव. पूर्वी त्यांच्याकडेही पद्मिनी होती. ढाबा टाकला तेव्हा ती मोडीत गेली, हे सांगताना त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. आम्ही भाकरी, पिठलं आणि ठेचा मागवला. ढाब्यात सगळीकडे एक हिरवा रंग दिसत होता. बाजांचे पाय, रांजणाची घडवंची, पान्यांच्या मुठी, अगदी उलथण्याचा दांडासुद्धा. मी विचारलं तेव्हा ते हसले. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून जो रंग उरतो तो ते आपल्या वस्तूंना लावतात. "उसनी गेलेली वस्तू कुठंबी दिसली तं वळखू आली पायजे," ते म्हणाले.

कुठे निघालात, असं त्यांनी विचारलं. शिरडला, वाघमारे गुरुजींची हेरल्ड पाहायला, असं मी सांगितलं. त्यांनी भाकरीची टोपली खाली ठेवली. हेरल्डवाल्यांशी आपलं जमत नाही, असं काहीसं ते सुधाकरकडे बघून गमतीने बोलले, पण गंमत पुरती झाली नाही. निघताना गाडीच्या खिडकीशी आले.

"चालू होते का ते, तेवढं येताना सांगा," ते म्हणाले.

हिंगोली सोडून औंढ्याकडे वळलो तशी दोन्ही बाजूंना हळद दिसू लागली. काढणीचा मोसम होता. शेताच्या कडेला मोठ्या पिंपांत हळद शिजत होती आणि शिजलेली हळद मोकळ्या जागेवर वाळत पसरलेली होती. तिचा मातकट, ओला वास गाडीत भरून राहिला. सुधाकर म्हणाला की दोन दारांच्या गाडीत मागच्या सीटवर बसायला माणूस आधी अर्धा दुमडावा लागतो. माझं लक्ष पुढे लागलं होतं.

गुरुजींचं घर गावाच्या कडेला. ओटीवर बुद्धाची मूर्ती, खाली पुस्तकांचं कपाट. गुरुजी उंच, सडपातळ, इस्त्रीचा सदरा घातलेले. त्यांनी 'जय भीम' म्हणून आमचं स्वागत केलं, पाणी दिलं आणि मग कोणताही आव न आणता शेजारच्या पत्र्याच्या शेडचं दार उघडलं.

ती तिथे होती. रंग उडालेला, पण रेघ न् रेघ शाबूत. छत भिंतीला टेकवून, पोत्याने झाकून ठेवलेलं. या गाडीचं छत बोल्ट काढले की उचलता येतं. वस्तीतल्या नवरदेवांच्या वराती मिरवण्यासाठी गुरुजींनी ते काढलं होतं. त्यांच्या लग्नाच्या काळात वस्तीतल्या नवरदेवाने घोड्यावर बसून गावातून जाणं सोपं नव्हतं, एवढंच ते म्हणाले. पुढे त्यांच्या कितीतरी विद्यार्थ्यांची वरात या गाडीतून निघाली. मला खरंच भरून आलं. मी बॉनेटवरून हात फिरवत राहिलो.

गुरुजींनी चावी फिरवली. गाडी दोनदा खोकली, थांबली, पुन्हा खोकली आणि मग सुरू झाली. मी बॉनेट उचललं आणि माझा चेहरा पडला असावा, कारण सुधाकर लगेच वाकून पाहायला आला. मग तो जोरात हसला.

हेरल्डच्या इंजिनावर पद्मिनीचा कार्बोरेटर होता. मध्ये लोखंडाची घरगुती पट्टी कापून बसवलेली, आणि वरच्या झाकणाला हिरवा रंग.

"तुझी हेरल्ड माझ्या पद्मिनीच्या नाकाने श्वास घेते, विन्या," सुधाकर म्हणाला. असं काही सापडलं की आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळात ते वर्षभर चिडवायला पुरतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. माझा संताप झाला. त्या हिरव्या रंगाकडे मी पाहिलं, पण तो ओळखला नाही. मला फक्त एवढंच दिसत होतं की माझ्या आयुष्यातल्या पहिल्या अस्सल हेरल्डच्या पोटात नकली अवयव आहे, आणि अस्सल अवयव माझ्या टॉवेलात आहे.

मी तो टॉवेल सोडून गुरुजींना दाखवला. ही भेट आहे, आत्ताच बसवून देतो, असं म्हणालो. त्यांनी कार्बोरेटर हातात घेतला, नीट पाहिला आणि परत माझ्याकडे दिला.

"चालते ना. राहू द्या की," ते म्हणाले.

मग मी त्यांना व्याख्यान दिलं. मूळ गाडी म्हणजे काय, एक एक सुटा भाग जपणं का महत्त्वाचं, लोक अशा गाडीसाठी कसे झुरतात. मी चांगला बोलतो, माझे विद्यार्थी सांगतील. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. पाहुणा इतक्या लांबून भेट घेऊन आलेला, त्याला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "तुमी म्हणता तं बसवा," ते म्हणाले आणि पाने काढून दिले. पुढचा तास ते आमच्याजवळ थांबले नाहीत. ओटीवर जाऊन बसले.

माझा कार्बोरेटर बसला आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, खोकली नाही. गुरुजींनी आम्हाला बसवून गावातून फेरी मारली. पारापाशी अरुंद गल्लीत त्यांनी गाडी एका दमात वळवली, मागेपुढे न करता. हेरल्ड इतक्या थोड्या जागेत वळते हे मी शेकडो वेळा सांगितलेलं होतं, त्या दिवशी दोन दारांच्या, उघड्या गाडीत बसून अनुभवलं. मला वाटलं, एवढ्यासाठी सगळा प्रवास सार्थकी लागला.

रात्रीचं जेवण त्यांच्याकडेच झालं. भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. जेवता जेवता मी दत्तरावांचा निरोप सांगितला, की गाडी चालू होते का असं कनेरगावचे ढाबेवाले विचारत होते. गुरुजींचा घास हातात राहिला. मग त्यांनी जे सांगितलं ते सांगायला त्यांना बराच वेळ लागला.

दत्तराव आणि ते जिवलग मित्र. एकाची हेरल्ड, दुसऱ्याची पद्मिनी, आणि दोघांची चिडवाचिडवी साऱ्या जिल्ह्याला माहीत. दत्तराव गुरुजींना घरी बोलवायचे, आपल्या पंगतीला शेजारी बसवायचे. त्यांच्या भावकीतल्या अनेकांना ते पसंत नव्हतं. दत्तरावांनी कधी पर्वा केली नाही. एकदा दत्तरावांचे सोयरे (मुलीच्या सासरची मंडळी) आले होते म्हणून सगळे सिद्धेश्वर धरणावर गेले. धरणाजवळच्या अरुंद रस्त्यावर गुरुजींनी हेरल्ड एका दमात वळवली. दत्तरावांनीही पद्मिनी तशीच वळवायला घेतली आणि गाडीचं चाक कालव्यात गेलं. लोक हसले.

"लोक हसले त्याचं काही न्हाई," गुरुजी म्हणाले. "मीबी हसलो. ज्यानं माझ्यासाठी भावकीचं ऐकून घेतलं, त्याच्या सोयऱ्यांसमोर मी हसलो."

त्या दिवसापासून बोलणं बंद. पुढे हेरल्डचा कार्बोरेटर निकामी झाला, मिळेना, गाडी शेडमध्ये उभी राहिली. मग हिंगोलीचा मिस्त्री एक दिवस आपणहून आला, पिशवीतून पद्मिनीचा कार्बोरेटर काढला आणि कुठून आणला ते न सांगता बसवून गेला. दत्तरावांनी आपली गाडी मोडीत दिल्याचं गुरुजींच्या कानावर आलेलंच होतं. झाकणावरचा हिरवा रंग त्यांनी ओळखला. तो तसाच राहू दिला. ना निरोप, ना भेट.

सुधाकरने माझ्याकडे पाहिलं. हात धुताना तो हळूच म्हणाला की सकाळी तो जुना परत बसवून टाकू. मी ऐकलं नाही. गाडी आता चांगली चालते, मी म्हणालो, आणि एवढ्या निमित्ताने दोघांची भेटही होईल. हे मी तेव्हा मनापासून मानत होतो की अस्सलपणाचा हट्ट झाकत होतो, ते आज मला सांगता येणार नाही.

सकाळी गुरुजींनी कार्बोरेटर रॉकेलने स्वच्छ धुतलेला होता, धुतलेल्या पंच्यात बांधलेला होता. "त्याची वस्तू त्याला द्या," ते म्हणाले. "गाडीत होती तवर गोष्ट येगळी होती. नुस्ती घरात ठेवणं बराबर न्हाई." मी ते गाठोडं आनंदाने घेतलं.

कनेरगाव नाक्यावर दत्तराव आमची वाट पाहत असावेत. पद्मिनी दिसताच ते रस्त्यापर्यंत आले. गाडी चालू होते, पहिल्या झटक्यात होते, असं मी उतरता उतरताच सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. इतका उजळला की मला पुढचं सांगायची घाई झाली. मी गाठोडं त्यांच्या हातात दिलं आणि गुरुजींनी पाठवलं असं म्हणालो.

त्यांनी पंचा सोडला. हिरव्या झाकणावरून अंगठा फिरवला.

"काढलं म्हणा," ते म्हणाले.

मी घाईघाईने सगळं सांगितलं. त्यांनी नाही काढला, मी काढला, ते राहू द्या म्हणत होते, मीच हट्ट केला. दत्तरावांनी मान हलवत ऐकलं.

"व्हय. पण त्यांनी काढू देलं ना."

आत्ता मागे फिरतो, संध्याकाळच्या आत परत बसवून देतो, असं मी म्हणालो. सुधाकर तर चावी घेऊन गाडीकडे निघालाही. दत्तरावांनी त्याला हातानेच थांबवलं.

"काहून तकलीफ घेता? मी धाडलं, त्यांनी ठेवून घेतलं, एवढंच उरलं होतं आमच्यात. आता बसवलं तं ते तुमी बसवलेलं व्हईल."

त्यांनी कार्बोरेटर आत नेऊन फळीवर ठेवला. मग बाहेर आले आणि आम्ही काही म्हणायच्या आत फडकं भिजवून पद्मिनीच्या पंपावर ठेवलं, कारण ऊन चढलं होतं आणि आम्हाला लांब जायचं होतं.

पैनगंगेचा पूल गेला. वाशीम गेलं, कारंजा गेलं, तरी सुधाकरने मला चिडवलं नाही. त्याने चिडवावं असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. रेषेपलीकडचं मला गाडीत कधी दिसलंच नाही, आणि ज्या एका भागात रेघ नव्हती, नुसता बैलाच्या शिंगांचा उरलेला रंग होता, तोच मी काढून आणला.

घरी पोचल्यावर आठवड्याने गुरुजींचा फोन आला. पोचलो का, प्रकृती कशी, हे सगळं विचारून झालं. मी गाडीचं विचारलं.

"चांगली हाय. पहिल्या झटक्यात चालू होते," ते म्हणाले. मग म्हणाले, "आधी खोकायची, तवा रोज सकाळी दत्तरावाची आठवण व्हायची."