चादर धरताना

रुग्णालयाच्या धुलाईखात्यात सगळ्या तिला पाठीमागे भिंगरी म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. बारा बायकांची ती प्रमुख, पण खुर्चीत पाच मिनिटं टेकेल तर शपथ. त्यामुळे दर आठवड्याला प्रत्येकीशी एकटीशी पंधरा मिनिटं बोला आणि कागदावर लिहून द्या, असा वरून हुकूम आला तेव्हा तिने तो चालता चालताच वाचून खिशात कोंबला.

गुरुवारी पाळी मावशींची. सुकवणीच्या मशीनवर त्यांनी अकरा वर्षं काढलेली. साबणाच्या पोत्यांच्या खोलीत भिंगरी खिडकीपाशी येरझाऱ्या घालत विचारायची, "काही अडचण?"

"नाही."

"काम कसं चाललंय?"

"ठीक."

चौथ्या मिनिटाला दोघी बाहेर. कागदावर 'समाधानकारक'. लिहिताना मात्र भिंगरीचा जीव खाली-वर व्हायचा, कारण मावशींना महिन्यात तीनदा सांगितलं एक नि त्यांनी केलं भलतंच. शेवटी शस्त्रक्रियागृहाकडून तक्रार आली. या गुरुवारी त्यांना लेखी ताकीद द्यायची होती.

नेमकी त्या दिवशी घड्या घालणारी आली नाही. चादरींचा ढीग छातीपर्यंत. भिंगरीला तेवढंच निमित्त मिळालं. "चला मावशी, घड्या घालता घालता बोलू."

दोन टोकं हिने धरली, दोन तिने. जवळ यायचं, टोकं जुळवायची, पुन्हा मागे सरायचं. मावशी चक्क बोलत होत्या. पाय घसरून पडलेल्या सुनेचं, स्वतःच्या दुखऱ्या खांद्याचं. घडी फळीवर ठेवायला वळता वळता भिंगरीने घसा साफ करून तक्रारीचा विषय काढला. उत्तर नाही. तिने आवाज चढवला. तरी नाही. वळून पाहिलं, तर मावशी पुढची चादर धरून शांतपणे वाट बघत उभ्या.

"मावशी, मी आत्ता काय विचारलं?"

मावशींनी चादर खाली ठेवली. "वर्ष झालं, ऐकू येत नाही. ओठ दिसले की कळतं. तिकडे खोलीत तुमचं तोंड खिडकीकडे."

"मग सांगितलं का नाही?"

"चार मिनिटांत काय सांगू?"

भिंगरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताकीद तिने फाडली आणि उभ्या उभ्याच कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. मशीनवरच्या सगळ्यांचे कान तपासून घेण्यासाठी तिने वरच्या साहेबांकडे महिनाभर खेटे घातले. कमी ऐकू येणारी आणखी एक सापडली. मशीनच्या आवाजापासून बचावाला कानांवर लावायची झाकणं आली. मावशी घड्यांवर आल्या; ऐकू यायला मिळालेलं कानातलं यंत्र कुरकुरतं म्हणून ते अर्धा दिवस खिशातच ठेवतात.

सापडलेली दुसरी मात्र चिडली. मशीन तिला आवडायचं, आणि ते भिंगरीने तिला सोडायला लावलं. आता तिच्या पाळीला दोघी पंधरा मिनिटं मुकाट चादरींच्या घड्या घालतात. भिंगरीच्या जिभेवर दहा प्रश्न येतात. ती गिळते, टोकं जुळवते आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत थांबते. मागच्या खेपेला ती दुसरी एवढंच म्हणाली, "ही चादर उसवलीये."

भिंगरीने ते लिहून घेतलं.